थीममधील टंक आणि त्यांची देवाणघेवाण

संगणकावर तयार केलेल्या सादरीकरणाची किंवा दस्तऐवजाची थीम एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर नेताना तिच्यात नेमलेले टंक, म्हणजेच फॉन्ट, तेथेही उपलब्ध राहतील आणि मजकूर मूळ रूपातच दिसेल अशी व्यवस्था करणे, हा या लेखाचा विषय आहे. थीम म्हणजे रंग, टंक आणि दृश्यपरिणाम यांचा एक नाव देऊन साठवलेला संच होय. यांपैकी रंग व परिणाम अंकांच्या आणि सूचनांच्या रूपात थीमच्या फाईलमध्येच असतात, त्यामुळे ती कोठेही गेली तरी ते बदलत नाहीत. टंकाचे तसे नसते. थीममध्ये टंकाचे केवळ नाव नोंदलेले असते. प्रत्यक्ष अक्षराकृती ज्या संगणकावर फाईल उघडली जाते त्या संगणकाने पुरवायच्या असतात. हजेरीपटावर नाव आहे, पण विद्यार्थी वर्गात नाही, असा हा प्रकार आहे. रोमन लिपीत यामुळे बहुधा मांडणी बिघडण्यापुरतेच नुकसान होते. देवनागरीत, आणि विशेषतः मराठीत, शब्दाचे रूप व क्वचित अर्थही बदलू शकतो.

थीमच्या फाईलमध्ये काय असते

मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये आजच्या अर्थाने थीमची सोय ऑफिस २००७ या आवृत्तीपासून आली. त्याच आवृत्तीबरोबर ऑफिसच्या फाईलींचे नवे स्वरूपही आले. ते ईसीएमए-३७६ या नावाने २००६ मध्ये आणि पुढे आयएसओ/आयईसी २९५०० या नावाने २००८ मध्ये मानक म्हणून स्वीकारले गेले. या स्वरूपातील फाईल ही वास्तविक एक झिप पेटी असते आणि तिच्या आत एक्सएमएल भाषेतील अनेक छोट्या फाईली असतात. त्यांपैकी एकीत थीमचे वर्णन असते.

त्या वर्णनात टंकांच्या दोन जागा असतात. एक मथळ्यांसाठी आणि दुसरी मुख्य मजकुरासाठी. प्रत्येक जागेचे पुन्हा तीन कप्पे असतात: रोमन व तत्सम लिप्यांचा, पूर्व आशियाई लिप्यांचा आणि ज्यांना 'जटिल लिप्या' म्हटले जाते त्यांचा. देवनागरी या तिसऱ्या वर्गात मोडते. (लिपी जटिल नाही, तिला रोमनच्या मापाने मोजणाऱ्यांनी ती तशी ठरवली, अशी तक्रार करण्यास जागा आहे, पण संज्ञा आता रूढ झाली आहे.) तीन कप्प्यांखाली लिपीवार एक यादीही असते. तीत अरबी, थाई, बंगाली, गुजराती, तमिळ इत्यादी लिप्यांपुढे एकेका टंकाचे नाव असते. ऑफिसच्या मूळ थीममध्ये देवनागरीपुढे 'मंगल' हे नाव आहे.

मराठी वापरकर्त्याला नेहमी पडणाऱ्या एका कोड्याचे उत्तर या रचनेत आहे. थीम तयार करणारा मथळ्यासाठी आणि मजकुरासाठी मोठ्या आवडीने टंक निवडतो, पण ती निवड बहुधा रोमन कप्प्यात जाते. देवनागरीचा कप्पा रिकामा राहतो आणि मराठी मजकूर यादीतील टंकात किंवा सॉफ्टवेअरने परस्पर ठरवलेल्या टंकात दिसू लागतो. एकाच ओळीतील 'इयत्ता ८ वी' मधला आकडा एका वळणाचा आणि शब्द दुसऱ्या वळणाचे दिसतात, त्यामागेही बहुधा हेच कारण असते: आकडा रोमन कळफलकावरून आलेला असतो आणि शब्द देवनागरीतून.

आणखी एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. टंकांच्या यादीत सर्वांत वर 'थीमचे टंक' असा गट असतो. तेथून निवड केल्यास मजकुरावर टंकाचे नाव लिहिले जात नाही, तर 'थीममध्ये जो मथळ्याचा टंक असेल तो' अशी खूण होते. यादीत खाली जाऊन प्रत्यक्ष नाव निवडल्यास मात्र तेच नाव त्या शब्दांना कायमचे चिकटते, आणि नंतर थीम बदलली तरी ते शब्द बदलत नाहीत. अनेकांनी हात लावलेल्या सादरीकरणात अशा चिकटलेल्या नावांची गर्दी झालेली असते. पॉवरपॉइंटमधील 'रिप्लेस फॉन्ट्स' या सोयीने ती सर्व नावे एकत्र पाहता येतात व बदलता येतात.

मंगल या टंकाचे उदाहरण

मंगल हा टंक सुलेखनकार व टंकरचनाकार रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रचला. जोशी यांनी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले होते, आणि भारतीय लिप्यांच्या संगणकीय टंकांवर त्यांनी दीर्घकाळ काम केले. विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीला युनिकोडचा आधार मिळाला तो या टंकासह. पुढे विंडोज एक्सपी आणि विंडोज ७ यांच्या काळात 'मंगल' हे नाव इतके रूढ झाले की अनेक कार्यालयांत 'मंगलमध्ये टंकलेखन' हा शब्दप्रयोग 'युनिकोडमध्ये टंकलेखन' याच अर्थाने केला जाऊ लागला. हा वापर चुकीचा आहे. युनिकोड ही अक्षरांना क्रमांक देण्याची व्यवस्था आहे आणि मंगल हा ती व्यवस्था पाळणाऱ्या अनेक टंकांपैकी एक आहे.

विंडोज ८ पासून भारतीय लिप्यांसाठी 'निर्मला यूआय' हा एकच सामाईक टंक पुढे आला. विंडोज १० मध्ये मंगल हा सर्वांना आपोआप मिळणाऱ्या टंकांतून निघून 'देवनागरी पूरक टंक' या ऐच्छिक संचात गेला. अपराजिता, कोकिळा आणि उत्साह हे टंकही त्याच संचात आहेत. संगणकावर हिंदी, मराठी यांसारखी भाषा जोडली की हा संच सहसा येतो. भाषा न जोडलेल्या संगणकावर तो नसू शकतो. मॅक संगणकांवर मूळ प्रणालीसोबत कोहिनूर देवनागरी, देवनागरी संगम एमएन हे टंक येतात, तर अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी असतो. म्हणजे शिक्षिकेने घरच्या विंडोज संगणकावर मंगलमध्ये केलेली पाने शाळेतील लिनक्स संगणकावर, मुख्याध्यापकांच्या मॅकवर आणि पालकांच्या मोबाइलवर चार वेगवेगळ्या टंकांत दिसू शकतात, आणि चारही ठिकाणी थीममधील नाव तेच असते.

नाव सापडले नाही तर

थीममध्ये लिहिलेला टंक संगणकावर नसेल तर सॉफ्टवेअर थांबत नाही. ते पर्यायी टंक योजते. या क्रियेला टंकप्रतिस्थापन म्हणतात. त्यात अडचण अशी की ते बहुधा मुकाट्याने होते. पॉवरपॉइंटमध्ये नावाच्या चौकटीत मूळ टंकाचेच नाव झळकत राहते आणि पडद्यावर मात्र दुसराच टंक असतो. लिबरऑफिसमध्ये अनुपलब्ध टंकाचे नाव तिरप्या अक्षरांत दिसते. ही खूण लहान असली तरी उपयोगी आहे.

प्रतिस्थापनाचा पहिला परिणाम मांडणीवर होतो. टंकाचा आकार पॉइंटमध्ये सांगितला जातो, परंतु दोन टंकांतील १८ पॉइंट दिसायला सारखे नसतात. अपराजिता व कोकिळा हे टंक मंगलच्या तुलनेत त्याच आकारात बरेच लहान दिसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय असल्यामुळे टंककार ओळीसाठी किती उंची राखून ठेवतो यातही मोठा फरक असतो. कोकिळात नेटक्या बसलेल्या आठ ओळी मंगलमध्ये चौकटीबाहेर जातात. चौकटीत मजकूर आपोआप लहान करण्याची सोय चालू असेल तर अक्षरे बारीक होतात आणि वर्गातील शेवटच्या बाकावरून वाचता येत नाहीत.

रोमन लिपीसाठी या अडचणीवर एक चांगला तोडगा निघाला आहे: मापसुसंगत टंक. यात अक्षराचे वळण वेगळे, पण प्रत्येक अक्षराची रुंदी मूळ टंकाइतकीच ठेवलेली असते. रेड हॅट कंपनीने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेले लिबरेशन टंक एरियल, टाइम्स न्यू रोमन व कुरियर न्यू यांच्या जागी चालतात. कार्लिटो हा कॅलिब्रीच्या आणि कॅलेडिया हा कॅम्ब्रियाच्या जागी चालतो. त्यामुळे टंक बदलला तरी ओळी त्याच ठिकाणी तुटतात. मंगलची अशी मापसुसंगत जोडी प्रचारात नाही. म्हणून देवनागरी थीम करणाऱ्याने चौकटी गच्च न भरता थोडी जागा मोकळी सोडावी, हा साधा उपाय उरतो.

दुसरा परिणाम ठळक अक्षरांवर होतो. मुक्त हा टंक हलक्यापासून अतिठळकापर्यंत सात वजनांत मिळतो. विंडोजवरील यादीत त्यातील मधली वजने स्वतंत्र टंकांसारखी वेगळी दिसतात, तर मॅकवर ती एका कुटुंबाखाली एकत्र दिसतात. थीममध्ये अशा मधल्या वजनाचे नाव लिहिलेले असेल, तर दुसऱ्या प्रणालीला टंक असूनही नाव न जुळण्याची शक्यता राहते. जिथे ठळक आवृत्तीच नसते तिथे सॉफ्टवेअर साध्या अक्षरालाच जाड करते, आणि 'द्ध', 'ष्ट' यांसारख्या जोडाक्षरांतील मोकळी जागा बुजून जाते. सर्वत्र चालायच्या थीममध्ये साधे व ठळक या दोनच वजनांवर भागवणे हिताचे.

मराठीचे स्वतःचे प्रश्न

देवनागरी लिपी मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी, संस्कृत या भाषांना समान असली, तरी तिची वळणे सर्वत्र सारखी नाहीत. मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांची परंपरा आहे. हिंदीत दंडयुक्त ल व शेंडीफोड्या श रूढ आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी जो निर्णय काढला, त्यात मराठी वळणांचाच पुरस्कार केला आहे. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांच्या ल ला एकच क्रमांक आहे आणि दोन्ही वळणांच्या श लाही एकच. कोणते वळण दिसावे हे टंक ठरवतो.

काही टंकांत दोन्ही वळणे असतात व मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असेल तर मराठी वळण दिसते. नोटो सान्स देवनागरीत ही सोय आहे. पण ती चालण्यासाठी टंकात सोय असणे, मजकुरावर मराठीची नोंद असणे आणि सॉफ्टवेअरने ती नोंद पाळणे या तीनही गोष्टी जुळाव्या लागतात. लिबरऑफिस ती पाळते. मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे चिकटवला की भाषेची नोंद अनेकदा गळून पडते, आणि एकाच पानावर दोन वळणांचे ल दिसू लागतात. प्राथमिक वर्गासाठी अक्षरओळखीचे तक्ते करणाऱ्याला हा दोष परवडणारा नाही. मुलाला पाटीवर जे वळण गिरवायला दिले तेच पडद्यावर दिसले पाहिजे.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे मराठी वळणे हीच ज्याची मूळ वळणे आहेत असा टंक निवडणे. टिरो देवनागरी मराठी हा टंक याचे उत्तम उदाहरण आहे. मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या ग्रंथमालेसाठी हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने करवून घेतलेल्या देवनागरी टंकातून टिरो देवनागरीची हिंदी, मराठी व संस्कृत अशी तीन स्वतंत्र नावांची रूपे निघाली. नावच वेगळे असल्यामुळे भाषेची नोंद असो वा नसो, वळण मराठीच राहते. पूर्वी लोहित मराठी हा टंकही याच कारणासाठी लोहित हिंदीपासून वेगळा ठेवलेला होता.

वळणाचा प्रश्न सौंदर्याचा व संस्काराचा म्हणून कोणी बाजूला ठेवील. पण अर्धा र हा अर्थाचा प्रश्न आहे. 'आचार्यास' म्हणजे गुरूला आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात चंद्रकोरीसारखा आडवा र. हा आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्ता असलेल्या र ला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांच्या साहाय्याने. सर्व टंकांनी दोन्ही प्रकार हाताळलेले नसतात. थीममधला टंक दोन्ही नीट दाखवत असेल आणि पर्यायी टंक तसा नसेल, तर त्या जागी पाय मोडलेला र, नुक्त्याचा ठिपका किंवा चक्क रफार दिसू शकतो. शेवटची शक्यता सर्वांत वाईट, कारण ती चूक चूक म्हणून दिसतच नाही.

जुन्या टंकांतील थीम

युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी छपाई व कार्यालयीन काम निराळ्या प्रकारच्या टंकांवर चालत असे. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव ही नावे त्या काळात घरोघरी परिचित होती. या टंकांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेल्या असत. संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजीच असे, फक्त दिसायला मराठी. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द म्हणजे प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच या इंग्रजी अक्षरांची ओळ असते. टंक नसलेल्या संगणकावर तीच ओळ उघडी पडते.

येथे प्रतिस्थापन निरुपयोगी ठरते, कारण मंगल किंवा मुक्त लावले तरी इंग्रजी अक्षरे इंग्रजीच राहतात. शिवाय दोन जुन्या टंकांची योजनाही एकमेकांशी जुळत नाही. अशा टंकावर बांधलेली थीम दुसऱ्याला देणे म्हणजे तोच टंक त्याच्याकडे असण्यावर सर्वस्वी विसंबणे होय. जुन्या प्रश्नपत्रिका, स्मरणिकांचे मजकूर, संस्थांच्या इतिवृत्तांच्या फाईली आज अनेक ठिकाणी वाचता येत नाहीत त्या याच कारणाने. कागद टिकला, फाईल मुकी झाली. अशा फाईलीत आधी मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा, मगच थीमचा विचार करावा. परिवर्तनानंतर रफार, र्‍हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालणे आवश्यक आहे, कारण जुन्या टंकांत र्‍हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर लिहिला जाई, आणि क्रम उलटा करताना परिवर्तक तेथेच सर्वाधिक चुकतात.

टंक सोबत पाठवणे

टंक फाईलमध्ये अंतर्भूत करणे हा या प्रश्नावरील सरळ उपाय आहे. पॉवरपॉइंट व वर्डमध्ये ही सोय फाईल साठवण्याच्या पर्यायांत असते. लिबरऑफिसमध्ये ती फाईलच्या गुणधर्मांतील 'फॉन्ट' या पानावर आहे. पॉवरपॉइंटमध्ये अंतर्भूत टंक सादरीकरणाच्या फाईलमध्ये राहतात. म्हणून केवळ थीमची फाईल देण्याऐवजी ती थीम लावलेले सादरीकरण किंवा टेम्प्लेट द्यावे.

पॉवरपॉइंट येथे दोन पर्याय देते: केवळ वापरलेली अक्षरे घालावीत, की सर्व. पहिल्याने फाईल लहान राहते व नुसते पाहण्यासाठी ते पुरते. परंतु थीम दिली जाते ती दुसऱ्याने नवा मजकूर लिहावा यासाठी. त्याने 'ज्ञ' लिहिला आणि मूळ फाईलमध्ये ज्ञ नव्हता, तर तेवढेच अक्षर परक्या टंकात येईल. म्हणून टेम्प्लेटसाठी नेहमी दुसरा पर्याय घ्यावा. वर्डमध्ये 'नेहमीचे प्रणालीटंक घालू नयेत' असाही एक पर्याय असतो. एका संगणकावरचा नेहमीचा टंक दुसऱ्यावर नेहमीचा असेलच असे नाही, हे मंगलच्या कथेवरून दिसतेच.

प्रत्येक टंक अंतर्भूत करता येत नाही. टंकाच्या फाईलमध्येच त्याच्या निर्मात्याने दिलेल्या परवानगीची नोंद असते. ती चार प्रकारची आहे: मनाई, केवळ पाहणे व छापणे, संपादनास मुभा, आणि कायम स्थापनेची मुभा. विंडोजमध्ये टंकाच्या गुणधर्मांत ही नोंद वाचता येते. 'केवळ पाहणे व छापणे' या प्रकारचा टंक घातलेली फाईल दुसरीकडे संपादनासाठी मोकळी होत नाही. याशिवाय पोस्टस्क्रिप्ट पद्धतीच्या रेषाकृती असलेले टंक पॉवरपॉइंट अंतर्भूत करत नाही. ट्रूटाइप रेषाकृती असलेलेच चालतात.

टंक वेगळा पाठवून समोरच्या संगणकावर बसवणे हा दुसरा मार्ग. विकत घेतलेल्या टंकाची प्रत अशी वाटणे बहुधा परवान्याचा भंग ठरते, मग हेतू कितीही शैक्षणिक असो. खुल्या परवान्याच्या टंकांबाबत हा प्रश्न उद्भवत नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त व बालू, तसेच नोटो आणि टिरो हे टंक एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत. ते थीमसोबत वाटता येतात, अंतर्भूत करता येतात, आणि गूगल फॉन्ट्सच्या संग्रहात असल्यामुळे गूगल स्लाइड्समध्येही त्याच नावाने सापडतात. अनेक ठिकाणी फिरणाऱ्या मराठी थीमसाठी असा टंक निवडणे हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे. सोबत परवान्याची मजकूरफाईल ठेवावी, कारण परवान्याची ती अट आहे. ज्या आवृत्तीवर मांडणी केली तीच आवृत्ती पाठवावी. नाव तेच राहून अक्षरांची मापे बदलल्याची उदाहरणे टंकांच्या जगात दुर्मीळ नाहीत.

लिबरऑफिसमध्ये आणखी एक सोय आहे. सेटिंगमधील टंकांच्या पानावर 'अमुक टंकाऐवजी अमुक वापरावा' अशी सारणी करता येते. संगणककक्षात वीस संगणक असतील आणि येणाऱ्या फाईली बहुतांशी मंगलमध्ये असतील, तर प्रत्येकावर एकदा अशी सारणी केल्याने निदान प्रतिस्थापन सगळीकडे एकसारखे होते. लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा टंक रोमनपासून वेगळा नेमावा लागतो, आणि त्यासाठी भाषांच्या सेटिंगमध्ये जटिल लिप्यांची सोय चालू असावी लागते, हेही नवख्याच्या लक्षात येत नाही.

पाठवण्यापूर्वीची परीक्षा

टंक व्यवस्थित पोहोचला की नाही हे ज्या संगणकावर थीम तयार झाली तेथे कधीच कळत नाही, कारण तेथे तो टंक असतोच. फाईल दुसऱ्या, शक्यतो वेगळ्या प्रणालीच्या संगणकावर उघडून पाहावी. थीमच्या पहिल्या पानावर परीक्षेसाठी काही शब्द लिहून ठेवण्याची सवय उपयुक्त ठरते: 'दऱ्या', 'दर्या', 'लक्ष', 'शाळा', 'ज्ञानेश्वर', 'उद्ध्वस्त', 'कॅलेंडर', 'ऑफिस' आणि देवनागरी अंक. यांत आडवा र, रफार, मराठी ल व श, तीन व्यंजनांचे जोडाक्षर आणि ॲ-ऑ ची चिन्हे एकत्र येतात. 'उद्ध्वस्त' दोन तुकड्यांत दिसला किंवा 'कॅ' वरची चंद्रकोर भलतीकडे सरकली, तर टंक बदललेला आहे असे समजावे.

केवळ पाहण्यासाठी किंवा छपाईसाठी फाईल द्यायची असेल तर पीडीएफ हा निर्धोक पर्याय आहे, कारण त्यात वापरलेल्या अक्षराकृती सोबतच जातात. मात्र पीडीएफमधून देवनागरी मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर वेलांट्या व जोडाक्षरे विस्कटण्याचा संभव असतो, त्यामुळे तिच्यावरून थीम किंवा मजकूर पुन्हा उभा करता येत नाही. मूळ फाईल व टंक वेगळे जपून ठेवावे लागतात.